पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरीत किती येतं? समस्थानिकांचा हिशेब

१९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून गावोगावी पाझर तलाव झाले. तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढलं, असं गावात कुणीही सांगेल. टेप टाकून पातळी मोजली तर ती वाढलेली दिसतेही. पण ती तलावामुळे वाढली की त्या वर्षी पाऊसच चांगला झाला म्हणून, हे नुसत्या पातळीवरून ठरत नाही. ते ठरवता येतं पाण्यावरूनच, कारण तलावात उन्हात राहिलेल्या पाण्यावर बाष्पीभवनाची खूण उमटते आणि जमिनीखाली गेल्यावरही ती पुसली जात नाही.

ही खूण म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन-१६च्या दर दहा लाख अणूंमागे ऑक्सिजन-१८चे सुमारे २००५ अणू असतात आणि साध्या हायड्रोजनच्या दर दहा लाखांमागे ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, सुमारे १५६. हे किरणोत्सारी नाहीत, कुणी पाण्यात मिसळलेलेही नाहीत. निसर्गात मुळातच आहेत. पाणी आटताना हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात. २५ अंशांना पाणी आणि त्यावरची वाफ समतोलात असतील तर वाफ ऑक्सिजनच्या बाबतीत पाण्यापेक्षा दर हजारी साधारण ९ने हलकी असते, ड्युटेरियमच्या बाबतीत साधारण ७६ने. मोजमाप 'डेल्टा'त लिहितात: व्हिएन्नाच्या प्रमाणित समुद्रजलापेक्षा (व्हीस्मो) नमुन्यातलं प्रमाण दर हजारी किती कमी-जास्त आहे. उणे ३ म्हणजे हजारी तीनने कमी. पुढे डेल्टाचे सगळे आकडे याच मापात आहेत.

भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ साली दाखवलं की जगभरच्या पावसाचे बिंदू आलेखावर मांडले तर ते एका रेषेवर येतात: ड्युटेरियमचा डेल्टा = ८ × ऑक्सिजनचा डेल्टा + १०. उघड्या तलावातलं पाणी आटू लागलं की त्याचे बिंदू ही रेषा सोडून उजवीकडे सरकतात आणि ४ ते ६ एवढ्या चढाच्या वेगळ्या रेषेवर जातात. हवा जितकी कोरडी तितका चढ कमी. रेषेपासून किती अंतर पडलं हे एका आकड्यात सांगायचं तर डी-एक्सेस काढतात: ड्युटेरियमच्या डेल्टातून ऑक्सिजनच्या डेल्टाची आठपट वजा करायची. पावसात हा आकडा १०च्या आसपास असतो, आटलेल्या पाण्यात उतरतो, एप्रिलच्या तलावात शून्याखाली जातो.

तत्त्व एवढंच आहे. काम बिघडतं ते विहिरी निवडताना आणि बाटलीचं झाकण लावताना.

विहिरींपासून सुरुवात करू. तलावाच्या वरच्या बाजूच्या, तलावाचं पाणी जिथे पोचणं शक्यच नाही अशा तीन विहिरी हव्यातच. खालच्या विहिरीचं पाणी म्हणजे दोन टोकांचं मिश्रण: एक टोक तलावाचं पाणी, दुसरं पावसातून मुरलेलं साधं भूजल. हे दुसरं टोक म्हणून पावसाची सरासरी घेण्यापेक्षा या वरच्या विहिरींची किंमत जास्त धरावी. पडलेला सगळा पाऊस भूजलात जात नाही. जूनच्या भुरभुर सरी काळ्या जमिनीतच जिरून परत उडून जातात. जमीन भरल्यावर पडलेला मोठा पाऊस खाली उतरतो. वरच्या विहिरींत ही निवड आपोआप झालेली असते. तलावाखाली नाल्याच्या दोन्ही काठांनी साधारण १००, ३००, ६०० आणि १००० मीटरवरच्या विहिरी घ्याव्यात. मध्ये डाइक (खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या कठीण दगडाची उभी भिंत) आडवा असेल तर त्याच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक. डाइकने पाणी अडवलेलं असतं आणि तीस मीटरवरच्या दोन विहिरींत सरळ वेगळं पाणी सापडतं. आडविहीर आणि बोअर यांची सरमिसळ करू नये. आडविहिरीला मुरूम आणि मांजऱ्या खडकातलं पाणी येतं. बोअर काळ्या पाषाणाखालच्या, कधी गेरूच्या थराखालच्या पाण्यावर चालते. दोन्हींचं वय आणि वाट निराळी असते.

मग विहीरमालकाला विचारायचं: "काका, या विहिरीत पाइपलाइननं कुठलं पाणी सोडता का?" हा प्रश्न विसरला तर पुढचं सगळं वाया जातं. तलावावर मोटर टाकून ते पाणी आपल्या विहिरीत साठवायचं आणि तिथून पिकाला द्यायचं, ही पद्धत सर्रास आहे. अशा विहिरीत तलावाचा वाटा ऐंशी टक्के निघेल आणि तो पाझर नसेल, पाइप असेल. उलटी गोष्ट शेततळ्याची. प्लॅस्टिक अंथरलेलं बरंचसं शेततळं विहिरीच्याच पाण्याने भरतात. त्याची खूण कितीही ठळक असली तरी त्यातून खाली काही मुरत नाही. मात्र त्या पाण्यावर पाटपाणी केलं तर जास्तीचं पाणी मुरतं आणि खूण विहिरीत परत येते. कालव्याच्या लाभक्षेत्रात तर हा सगळा प्रकार जवळपास बादच धरावा. जायकवाडीसारख्या पसरट जलाशयात उन्हाळाभर आटलेलं पाणी कालव्याने शेतात येतं आणि तुमच्या छोट्या तलावाची खूण त्यात हरवते.

विहिरीतून नमुना घेणं. ६ इंची बोअरमध्ये ३० मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर त्यात सुमारे ५३० लिटर पाणी असतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे सोळाशे लिटरच्या आसपास, काढून टाकल्यावरचं पाणी खडकातलं. मिनिटाला १०० लिटरची मोटर असेल तर सोळा-सतरा मिनिटं. तापमान आणि विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती याचा अंदाज), जिला सगळे ईसी म्हणतात, दर तीन मिनिटांनी वाचावी. तीन वाचनं लागोपाठ सारखी आली की बाटली भरावी. आडविहिरीला हा नियम लागू पडत नाही. ६ मीटर व्यासाच्या आणि ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत १,१३,००० लिटर असतात, ते कोण काढून टाकणार? तिथे शेतकऱ्याच्या वेळेशी जुळवून घ्यावं: रात्रीच्या पाळीत मोटर चालून विहीर उपसली गेली की सकाळी झऱ्याच्या तोंडाशी नमुना घ्यावा. ते शक्य नसेल तर वजन बांधलेली बाटली पृष्ठभागाखाली किमान एक मीटर नेऊन भरावी. वरचा थर विहिरीतच आटलेला असतो. ज्या विहिरीवर मोटर चालत नाही ती घेऊच नये. ती स्वतःच एक लहान तलाव झालेली असते.

तलावाचा नमुना काठावरून घेतात, तेही चुकतं. काठाचं घोटाभर पाणी दुपारी तापतं आणि बाकी तलावापेक्षा जास्त आटलेलं असतं. दोन-तीन मीटर लांब काठीला बाटली बांधून सांडव्याच्या भिंतीवरून, खोल बाजूला, पाण्याखाली अर्धा मीटर जाऊन भरावी. सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी, तलाव कोरडा पडेपर्यंत. त्याच वेळी तलावात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरची पाणीपातळीही लिहावी. ही पातळी किती मोलाची आहे ते हिशेबात कळतं.

पावसाचा नमुना महिन्याचा एकत्रित घेतात. नरसाळ्यातून आलेली नळी बाटलीच्या तळापर्यंत जावी आणि तिचं टोक कायम पाण्यात बुडलेलं असावं. हवा बाहेर जायला दुसरी, बारीक आणि लांबलचक नळी. जूनच्या पहिल्या सरीत बाटली रिकामी असल्यामुळे टोक उघडं राहतं, म्हणून टोकाखाली एक अरुंद पेलीसारखं भांडं ठेवावं म्हणजे पहिल्या काही मिलिलिटरांतच ते बुडतं. पाण्यावर पॅराफिन तेलाचा अर्धा-एक सेंटिमीटर थर देण्याची जुनी रीत चालते, पण नमुना लेझर यंत्रावर जाणार असेल तर ती टाळावी. तेलाचा अंश गेला की यंत्राची वाचनं बिघडतात.

नरसाळ्याचा आकार बाजारात मिळेल तो घेतला तर फसगत होते. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यातून दर मिलिमीटर पावसाला ३१ मिलिलिटर पाणी येतं. पर्जन्यछायेतल्या गावात महिन्याला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तीन लिटर जमतात, पाच लिटरचा कॅन पुरतो. तेच नरसाळं घाटमाथ्यावर ठेवलं आणि जुलैत २००० मिलिमीटर कोसळला तर ६३ लिटर! कॅन भरून वाहू लागतो आणि हातात राहतं ते कुठल्या दिवसांचं पाणी, कुणास ठाऊक. तिथे १० सेंटिमीटरचं नरसाळं लावून रोजचा नमुना घ्यावा. सरासरी काढताना ती पावसाने भारित करावी, म्हणजे प्रत्येक डेल्टाला त्या दिवसाच्या मिलिमीटरने गुणून, बेरीज करून, एकूण पावसाने भागायची. पाच मिलिमीटरच्या आतल्या सरींचे बिंदू आलेखावर दाखवावेत, पण स्थानिक रेषा काढताना वेगळे ठेवावेत. कोरड्या हवेतून पडताना थेंबच आटतो आणि त्याचा डी-एक्सेस कमी येतो. तो पाहून पाऊसच तलावासारखा दिसायला लागतो.

आता बाटली. जाड उच्च-घनतेच्या पॉलिथिनची, अरुंद तोंडाची, आत शंकूसारखं बसणारं अस्तर असलेल्या झाकणाची ५० मिलिलिटरची बाटली पुरते. त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. आम्ल घालायचं नाही. पाणी गढूळ नसेल तर गाळायचंही नाही. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली काही आठवडे चालेल, पण महिनोन्महिने ठेवली तर तिच्या भिंतीतून वाफ निसटते. वर्षानुवर्षं जपायचे नमुने काचेत ठेवावेत, पण गोठवू नयेत. भरलेली काच फुटते.

झाकण सैल राहिलं तर किती बिघडतं? ५० मिलिलिटरमधून अर्धा मिलिलिटर, म्हणजे एक टक्का, उडून गेला तर ऑक्सिजनचा डेल्टा साधारण ०.१ ते ०.२ने वर जातो. यंत्राची अचूकताच ०.१च्या घरात असते. दोन टक्के गेलं तर वरच्या विहिरीचं पाणी थोडं तलावासारखं दिसू लागतं. म्हणजे जी खूण शोधायला निघालो तीच बाटलीत तयार झाली. यावर उपाय अगदी साधा आहे: भरल्यावर लगेच बाटली ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवायचं आणि प्रयोगशाळेत उघडण्याआधी पुन्हा तोलायचं. ०.२५ ग्रॅमहून जास्त घट आली तर तो नमुना बाजूला. हे फार थोडे लोक करतात, ते सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं. एप्रिलात गाडीत तापलेल्या बाटलीत झाकणाखाली थेंब जमतात. ते थेंब हलके असतात. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, उलटीसुलटी करून हलवावी, मगच उघडावी.

प्रयोगशाळा दोन तऱ्हांच्या असतात. जुनी पद्धत वस्तुमान वर्णपटमापकाची (मास स्पेक्ट्रोमीटर): पाण्यावर थोडा कार्बन डायऑक्साइड २५ अंशांना अठरा-वीस तास ठेवतात, ऑक्सिजनची अदलाबदल पूर्ण झाली की वायू मोजतात. इथे तापमान एक अंशाने ढळलं तर निकाल ०.२ने ढळतो. हायड्रोजनसाठी प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो आणि पाण्यात सल्फाइड असेल, कुजल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो उत्प्रेरक मरतो. वास आलेल्या बाटलीवर तसं ठळक लिहून द्यावं. दुसरी पद्धत लेझरची: दोन मायक्रोलिटर पाण्याची वाफ करून तिच्यातलं प्रकाशाचं शोषण मोजतात. त्यात मागच्या नमुन्याची 'आठवण' उरते, ड्युटेरियमची सर्वांत जास्त. म्हणून एका कुपीतून सहा वेळा टोचतात आणि पहिली तीन वाचनं सोडून देतात. एप्रिलच्या तलावानंतर लगेच विहिरीचा नमुना लावला तर विहीर वर खेचली जाते, म्हणून सगळे तलाव रांगेच्या शेवटी लावायला सांगावं. खाऱ्या विहिरींचं मीठ बाष्पकोठीत साचून वाचनं हळूहळू सरकतात, म्हणून ईसीचा आकडा नमुन्यासोबत पाठवावा.

आणखी एक विचारून घ्यावं: मापनाला कोणती दोन प्रमाणजलं, म्हणजे डेल्टा आधीच माहीत असलेली पाणी, लावली? एक आपल्या सगळ्यांत हलक्या नमुन्यापेक्षा हलकं आणि एक सगळ्यांत जड नमुन्यापेक्षा जड हवं, आणि दोन्ही व्हीस्मो-२ व स्लॅप-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांशी जुळवलेली हवीत. स्लॅप-२, म्हणजे अंटार्क्टिकाचं हलकं पाणी, ऑक्सिजनच्या डेल्टात उणे ५५.५वर आहे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही प्रमाणजलं शून्याखालची असतात आणि अधिक ५चा तलाव मोजपट्टीच्या बाहेर पडतो. दर पाच-सहा नमुन्यांमागे एक नियंत्रण नमुना आणि आपण स्वतः नाव बदलून दिलेले दहा टक्के दुहेरी नमुने, एवढी तपासणी पुरेशी आहे.

हिशेब करून पाहू. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. ऑक्सिजनचा डेल्टा वरच्या विहिरींचा उणे ३.०, खालच्या विहिरीचा उणे १.५, फेब्रुवारीतल्या तलावाचा अधिक २.०. तलावाचा वाटा = (उणे १.५ वजा उणे ३.०) ÷ (२.० वजा उणे ३.०) = १.५ ÷ ५ = ३० टक्के. झालं? नाही. तलावातून पाणी सर्वांत जास्त मुरतं ते तो भरलेला असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नोव्हेंबरचा तलाव उणे ०.५ असेल तर तोच वाटा १.५ ÷ २.५ = ६० टक्के येतो. विहीर तीच, यंत्र तेच, आणि उत्तर दुप्पट. म्हणून तलावाचा एकच नमुना घेऊन काढलेल्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नये. पंधरवड्याच्या पट्टीवरून तलावाचं आकारमान किती घटलं ते काढायचं, त्यातून बाष्पीभवन वजा करायचं (डिसेंबरात बाष्पीभवन मोजायच्या उघड्या पात्रातून दिवसाला चार-पाच मिलिमीटर, एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त, तलावासाठी त्याच्या सुमारे ०.७ पट), कुणी मोटरने उपसलं असेल तर तेही वजा करायचं. उरलं ते मुरलेलं. प्रत्येक पंधरवड्याच्या डेल्टाला त्या मुरलेल्या पाण्याने भारित केलं की तलावाचं खरं टोक मिळतं.

वरच्या विहिरीतही चढउतार असतोच. नोव्हेंबरचं टोक धरून ती उणे २.५ घेतली तर वाटा ५० टक्के, उणे ३.५ घेतली तर ६७. तेव्हा "५० ते ६७" असंच लिहावं. "६०.० टक्के" लिहिणं खोटं आहे. तोच हिशेब डी-एक्सेसने पुन्हा करावा. दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या जवळ आली नाहीत तर तिसरं कुठलं तरी पाणी मिसळतंय. बहुतेक वेळा ते पाटपाणी असतं, कधी परतीच्या पावसाचं पाणी. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाचं पाणी बरंच हलकं असतं, आणि ऑक्टोबरात एकाच रात्री शंभर मिलिमीटर पडलं तर विहीर त्याने खाली ओढली जाते.

ईसी आणि ऑक्सिजनचा डेल्टा एकत्र मांडले तर आणखी एक गोष्ट सुटी होते. पिकाची मुळं पाणी उचलताना सहसा जड-हलकं निवडत नाहीत. म्हणून उसाखालून परतलेल्या पाण्यात क्षार वाढतात, पण डेल्टा जागचा हलत नाही. तलावातून आलेल्या पाण्यात डेल्टा ठळक सरकतो, क्षार मात्र बेताचेच वाढतात. दोन्ही वाढले असतील तर पाटपाणी उघड्यावर आटून मुरलंय. त्याच विहिरीत नायट्रेट जास्त असेल तर एक वेगळी बाटली, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आणि गोठवून, नायट्रोजन-१५साठी ठेवावी: हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत युरियाचा डेल्टा शून्याच्या आसपास, शेणखत आणि संडासाच्या खड्ड्याचा बहुधा १०च्या वर. (इथे बाटली प्लॅस्टिकची आणि पाऊणच भरलेली, नाहीतर गोठताना फुटते.)

या पद्धतीला न दिसणारा पाझरही आहे. ऑगस्टमध्ये तलाव नुकताच भरलेला असतो, आभाळ झाकलेलं असतं, पाणी आटलेलं नसतं. तेव्हा जे मुरतं त्यावर खूणच नसते, ते पावसाच्या पाण्यातच मोजलं जातं. म्हणून समस्थानिकांनी आलेला वाटा कमीत कमी तरी एवढा, असा वाचावा आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा भाग पट्टीच्या आणि विहिरीच्या पातळीवरून वेगळा मांडावा.

गाळ भरलेल्या तलावात चित्र उलटं दिसतं. मार्चात तलावाचं पाणी अधिक ५, ६पर्यंत गेलेलं आणि शंभर मीटरवरच्या विहिरीत मात्र वरच्या विहिरींचाच आकडा. म्हणजे ते तळं मुरत नाही, नुसतं आटतं. गाळ काढायचा ठरला असेल तर त्याआधीच्या एका वर्षाचे नमुने हातात असायलाच हवेत: मे, ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत सगळ्या विहिरी, आणि तलाव दर पंधरा दिवसांनी. गाळ काढल्यावर पुढची दोन वर्षं त्याच विहिरी, त्याच महिन्यांत, त्याच खोलीवरून. विहिरी दहा धरल्या तर वर्षाला चाळीस नमुने, तलावाचे पंधरा-सोळा आणि पावसाचे पाच. साठच्या आसपास बाटल्या आणि एक वजनकाटा.